‘पंप ओपन’ : एका इंग्रजी क्रियापदाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंगापूरमध्ये मी संध्याकाळच्या वेळी नोकरदार प्रौढांना इंग्रजी शिकवते. हे प्रकरण ज्या वर्गात घडले त्या वर्गात नऊ जण होते आणि ते सगळे चीनमधून, मुख्यतः शानतुंग, हनान आणि च्यांगसू या प्रांतांतून, कामासाठी आलेले होते. कोणी लिफ्टच्या देखभालीवर होते, कोणी गोदामात, दोघी एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात, आणि तिघे मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेवर पाळीने काम करत होते. शाळेत सगळ्यांनीच इंग्रजी घेतलेले होते आणि वाचलेले त्यांना बऱ्यापैकी समजत असे. अवघड जात ती कामावर रोज लिहावी लागणारी चार वाक्ये, आणि त्या चार वाक्यांसाठीच ते दिवसभर राबून वर्गात येऊन बसत. मला ते ‘लाओश’, म्हणजे बाई, म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या आणि गावाकडे वीज उपकेंद्रात उमेदीची वर्षे काढलेल्या एका गृहस्थांना मात्र सगळे ‘शफू’ म्हणत. आपल्याकडे हाताखालची पोरे मुरलेल्या कारागिराला उस्ताद म्हणतात, तशातला हा शब्द आहे. या शफूंचा पुढे महत्त्वाचा संबंध येणार आहे.

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि कामाच्या ठिकाणाचे काही तपशील बदलले आहेत. ज्या शब्दांवरून प्रसंग उद्भवला ते शब्द तेवढे जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळे प्रकरण त्यांच्यावरच उभे आहे.

काय घडले

वातानुकूलन यंत्रणेवर काम करणाऱ्या तिघांपैकी एक तंत्रज्ञ एका इमारतीच्या तळघरात, थंड पाणी वर चढवणाऱ्या पंपांच्या खोलीत, दुपारच्या पाळीला असत. तिथे दोन पंप होते. एक चालू असे आणि दुसरा राखीव. दुसऱ्या पंपाच्या सीलमधून पाणी गळत असल्यामुळे त्याच आठवड्यात तो उघडून दुरुस्त करायचे ठरलेले होते. त्या संध्याकाळी पहिला पंप जास्त आवाज करू लागला, म्हणून तंत्रज्ञांनी तो थांबवला आणि गळका असला तरी दुसरा पंप सुरू केला. निर्णय योग्य होता. पाळी संपताना त्यांनी नोंदवहीत इंग्रजीत लिहिले : ‘पंप टू ओपन. ब्रेकर ओपन. व्हॉल्व्ह ओपन. ओके.’

त्यांच्या मनात या तीन वाक्यांचा अर्थ सरळ होता : दुसरा पंप सुरू केला आहे, त्याचा ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चालू केला आहे, व्हॉल्व्ह उघडला आहे आणि सगळे ठीक आहे. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले होते. त्यांनी तीच वाक्ये वाचली आणि त्यांना वेगळाच अर्थ लागला : दुसरा पंप दुरुस्तीसाठी खोलला आहे, ब्रेकर ओपन म्हणजे त्याचा वीजपुरवठा तोडला आहे, आणि व्हॉल्व्ह मात्र चुकून उघडा राहिला आहे. दुरुस्ती ठरलेली असल्यामुळे या अर्थात त्यांना काही खटकले नाही. खोललेल्या पंपाचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर तळघरात पाणी होईल, या काळजीने त्यांनी फिटरला ताबडतोब व्हॉल्व्ह बंद करून सीलचे काम हाती घेण्यास पाठवले.

यंत्रांच्या आवाजाने भरलेल्या त्या खोलीत कोणता पंप फिरतो आहे हे नुसत्या कानाने ओळखता येत नाही. फिटरने व्हॉल्व्हला हात घालण्यापूर्वी सवयीने पॅनेलवरच्या, वीजप्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरकडे पाहिले, काटा शून्यावर नव्हता, आणि ते थांबले. कोणाला इजा झाली नाही. खोलखाल करण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावायचे आणि पुरवठा खरोखर गेला आहे ना हे तपासून घ्यायचे, हा नियम सिंगापूरमध्ये अशा कामांवर कसोशीने पाळला जातो, आणि त्या रात्री त्या शिस्तीनेच सगळ्यांना तारले. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांना लेखी समज मिळाली. कारण होते ‘चुकीची नोंद’.

तो कागद घेऊन ते वर्गात आले. त्यांनी मला जे विचारले ते मला आजही आठवते : “लाओश, मी खोटे लिहिले नाही. जे केले तेच लिहिले. मग चूक कुठे आहे?”

अडचणीचे मूळ

चूक नेमकी कुठे होती हे समजायला दोन्ही भाषांतले शब्द जवळून पाहावे लागतात. चिनी भाषेत मराठी कानाला ‘खाय’ असे ऐकू येणारे एक क्रियापद आहे. दार उघडणे, दिवा लावणे, यंत्र सुरू करणे, गाडी चालवणे, बैठक भरवणे, फूल उमलणे, पाणी उकळणे, डॉक्टरांनी औषध लिहून देणे, हे सगळे ‘खाय’. उकळलेल्या पाण्याला ‘खाय श्वेइ’ म्हणतात. याच्या उलट ‘क्वान’ म्हणजे बंद करणे, आणि हे दोन शब्द जोडून ‘खायक्वान’ केले की त्याचा अर्थ विजेचा स्विच होतो. घरातला छोटा ब्रेकरसुद्धा बोलीत ‘खोंगछी खायक्वान’, म्हणजे हवेचा स्विच, असतो आणि तो चालू करणे हे अर्थातच ‘खाय’ असते. शाळेत ‘खाय’चा पहिला इंग्रजी प्रतिशब्द म्हणून ‘ओपन’ पाठ करून घेतला जातो आणि तो सगळीकडे लावला जातो. दिवा ओपन, पंखा ओपन, गाडी ओपन.

पुष्कळ जण ही चूक फक्त चिनी माणसाची समजतात, पण तसे नाही. थाई आणि टागालोग भाषांतही दिवा ‘उघडतात’, आणि क्यूबेकमधले फ्रेंच भाषकही बोलताना तसेच म्हणतात.

‘खाय’ची जुनी लेखनचिन्हे पाहिली तर हा शब्द एवढा पसरलेला का आहे ते डोळ्यांसमोर उभे राहते. दोन फळ्यांचे दार, त्याच्या आत आडवा अडसर, आणि तो अडसर काढणारे दोन हात, अशी त्या चिन्हाची घडण सांगितली जाते. ‘क्वान’चे स्पष्टीकरण इ. स. 100 च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘श्वोवन च्येत्स’ या कोशात ‘दार धरून ठेवणारे आडवे लाकूड’ असे दिलेले आहे, म्हणजे आपला अडसरच. अडसर काढला की आत अडलेले बाहेर पडते, थांबलेले चालू लागते. ‘खाय’ची नजर सुरू होणाऱ्या गोष्टीवर असते. 1956 साली चीनमध्ये अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर झाली, आणि आजच्या सोप्या चिन्हात दाराची चौकट राहिलेली नाही. उरले आहेत ते अडसर आणि खालचे हात. अर्थ मात्र त्याच्या कितीतरी आधीच दारापलीकडे गेला होता.

इंग्रजी ‘ओपन’चे मूळ दुसरीकडे आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘ओपेनिअन’ असे होते आणि त्याचे नाते ‘अप’, म्हणजे वर, या शब्दाशी लावले जाते. जर्मन ‘ऑफन’ त्याचेच भावंड आहे. संस्कृतातला ‘उप’ आणि इंग्रजीतला ‘अप’ हेही एकाच मूळचे मानले जातात. झाकण वर उचलले की भांडे ‘ओपन’ झाले, असे हे मूळचे चित्र आहे. पुढे इंग्रजीनेही हा शब्द लांब नेला : दुकान, खाते आणि बैठक ‘ओपन’ होतात, फूल होते, गोळीबारही होतो. दिव्यापाशी मात्र तो पोहोचला नाही, कारण तिथे दुसरे क्रियापद आधीच जाऊन बसले होते.

ते क्रियापद म्हणजे ‘टर्न’. लॅटिन ‘तोर्नारे’, म्हणजे लेथवर फिरवून कातणे, आणि त्याच्या मागे कातारकामाच्या हत्याराचे ग्रीक नाव ‘तोर्नोस’, असा त्याचा प्रवास आहे. नळाची चावी फिरवली की पाणी येते. पुढे 1807 साली लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिव्यालाही चावी आली आणि तीही फिरवावी लागू लागली. सिंगापूरच्या रस्त्यांवर असे दिवे 1864 मध्ये आले आणि ज्या भागात गॅसचा कारखाना होता त्याला इथले चिनी रहिवासी ‘आगीचे शहर’ म्हणू लागले. विजेचे सुरुवातीचे स्विचही बऱ्याच वेळा फिरवायचेच असत. आज आपण बटण दाबतो, तरी इंग्रजीतला हात अजून चावी फिरवतोच आहे. थोडक्यात, ‘खाय’ काय सुरू झाले ते सांगते, ‘टर्न ऑन’ हाताने काय केले ते सांगते, आणि ‘ओपन’ कोणते झाकण हलले ते सांगते.

इथपर्यंतचा गोंधळ घरगुती आहे आणि त्याने फारसे बिघडत नाही. धोका पुढे आहे. विजेच्या परिभाषेत ‘ओपन’ म्हणजे मार्ग तुटलेला आणि ‘क्लोज’ म्हणजे मार्ग जोडलेला. व्हॉल्व्ह ओपन केला की पाणी वाहते, ब्रेकर ओपन केला की वीज थांबते. शब्द एक आणि परिणाम परस्परविरुद्ध. हा पेच इंग्रजीतून शिकलेल्यांनाही सुरुवातीला पडतो, आणि मराठी माध्यमाच्या मुलांनाही पडतो. विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘बंद परिपथा’त दिवा लागतो हे पहिल्यांदा वाचताना मीही अडखळले होते. तंत्रज्ञांच्या नोंदीत तर एकाच ओळीत ‘ओपन’ तीन वेळा आले होते. त्यातले एक बरोबर होते, एक अस्पष्ट होते आणि एक अर्थाने थेट उलटे होते.

कोणते पर्याय होते

पर्यवेक्षकांशी माझे फोनवर बोलणे झाले, तंत्रज्ञांच्या संमतीने. त्यांचे म्हणणे होते की ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे दोन शब्द या लोकांना वापरूच देऊ नयेत. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ पुरेत. हा उपाय झटपट होता आणि सुरक्षितही वाटत होता, पण पॅनेलवर, सूचनापत्रकांत आणि काम सुरू करण्याच्या परवान्यावर हे दोन्ही शब्द छापलेले असतात. लिहायचे नाही असे ठरवले तरी वाचावे लागतातच.

विद्यार्थ्यांची मागणी वेगळी होती. त्यांना यादी हवी होती : डावीकडे नाम, उजवीकडे त्याच्यासोबत चालणारे क्रियापद. चिनी शाळांत शब्द असेच पाठ होतात आणि त्या पद्धतीची मला कदर आहे, कारण तिच्यात मेहनत आहे आणि शिस्त आहे. माझी शंका एवढीच होती की यादीत नसलेले यंत्र समोर आले की माणूस पुन्हा ‘खाय’कडे वळणार.

तिसरा मार्ग माझ्या आवडीचा होता, आणि त्यामुळेच त्याच्याकडे मी जास्त साशंक नजरेने पाहायला हवे होते. शब्दांची मुळे सांगायची, प्रत्येक क्रियापदामागचे चित्र उभे करायचे आणि त्या चित्रावरून वापर ठरवायला शिकवायचे. चौथा एक पर्याय, नोंद दोन्ही भाषांत लिहिण्याचा, तंत्रज्ञांनीच सुचवला. वाचणारे पर्यवेक्षक आणि फिटर चिनी वाचत नव्हते, त्यामुळे तो तिथेच संपला.

मी तिसरा मार्ग निवडला. त्या वेळी माझे कारण असे होते की पाठ केलेले घाईत विसरते, पण डोळ्यांपुढे आलेले चित्र विसरत नाही.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

पहिल्या संध्याकाळी मी फळ्यावर झाकण असलेले पातेले काढले आणि ‘ओपन’ म्हणजे ‘अप’, वर उचलणे, असे सांगितले. त्यांना त्यांच्याच अक्षरातला अडसर आणि दोन हात दाखवले, आणि वर्गात एकदम जाग आली. उपाहारगृहातल्या एका विद्यार्थिनीने लहानपणी आजोळच्या दाराला असलेल्या अडसराचे वर्णन केले. इंग्रजी ‘शट’चे मूळही दाराची खीळ सरकवण्यातच आहे हे सांगितल्यावर ‘क्वान’ आणि ‘शट’ हे सख्खे शेजारी निघाले याचा सगळ्यांना आनंद झाला. मीही मराठीतली एक गोष्ट त्यांना सांगितली : आमच्याकडे ‘दिवा लाव’ म्हटले की उजेड होतो आणि ‘दार लाव’ म्हटले की दार बंद होते, क्रियापद तेच. तंत्रज्ञ त्यावर बराच वेळ विचार करत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे तुमच्या भाषेत मी ‘पंप लावला’ लिहिले असते, तर तुमच्या माणसालाही प्रश्न पडला असता.” समज मिळाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जो ताण होता तो त्या वाक्यानंतर मला पहिल्यांदा सैल झालेला दिसला. आपली भाषा सदोष आहे, ही त्यांची समजूत त्या संध्याकाळी दूर झाली.

नंतर मी विजेच्या स्विचकडे वळले आणि तिथे घसरले. जुन्या पद्धतीचा, तांब्याचे पाते मूठ धरून वरखाली करायचा स्विच मी फळ्यावर काढला आणि म्हटले : पाते वर उचलले की ते ‘ओपन’, कारण ‘ओपन’ म्हणजे वर. चित्र नेटके होते. शफूंनी हात वर केला.

ते अतिशय अदबीने म्हणाले, “लाओश, असा स्विच भिंतीवर उभा बसवतात. पाते वर ढकलले की वीज चालू होते आणि खाली ओढले की बंद. उलटा बसवायचा नाही. उलटा बसवला आणि पाते सैल होऊन आपल्या वजनाने खाली पडले, तर वीज आपोआप चालू होईल आणि तारेवर काम करणारा माणूस मरेल.”

त्यांचे बरोबर होते आणि माझे चित्र धोकादायक होते. ‘वर म्हणजे ओपन’ हे डोक्यात ठेवून कोणी त्या स्विचपाशी गेले असते, तर त्याने चालू आणि बंद यांची अदलाबदल केली असती. शब्दाचे मूळ खरे होते, पण खऱ्या मुळावरून मी काढलेला नियम खोटा होता. हजार वर्षांपूर्वीच्या झाकणाने आजच्या ब्रेकरची दिशा ठरत नाही. हे मला ठाऊक असायला हवे होते, आणि चित्र सुंदर आहे या एकाच कारणाने मी ते तपासून पाहिले नव्हते.

मी वर्गासमोर चूक मान्य केली, फळा पुसला आणि शफूंना विचारले की तुमच्या उपकेंद्रात यासाठी काय शब्द होता.

दुसरा निर्णय

त्यांच्या उत्तराने प्रकरणाला वळण मिळाले. उपकेंद्रात ‘खाय’ म्हणतच नाहीत. मोठा ब्रेकर चालू करणे म्हणजे ‘ह-चा’ आणि तोडणे म्हणजे ‘फन-चा’. ‘ह’ म्हणजे जुळवणे, ‘फन’ म्हणजे वेगळे करणे, आणि ‘चा’ हा शब्द मूळचा पाणी अडवणाऱ्या दरवाजाचा. मला जो भेद इंग्रजीच्या मुळांतून ओढून काढायचा होता तो चिनी वीज कामगारांच्या बोलीत आधीपासून तयार होता, आणि तोही जास्त स्वच्छ. ‘ह’ म्हणजे ‘क्लोज’, ‘फन’ म्हणजे ‘ओपन’. तंत्रज्ञांनाही हे शब्द माहीत होते, पण ते मोठ्या उपकरणांचे. छोट्या ब्रेकरला ते रोज ‘खायक्वान’ म्हणत आणि इंग्रजी लिहिताना मनात तोच शब्द येई.

त्यामुळे ‘ओपन’चे चित्र आम्ही बदलले. ‘वर’ काढून टाकले आणि ‘फट’ ठेवली. ‘ओपन’ म्हणजे दोन गोष्टींमध्ये फट पडली. दारात फट पडली की माणूस जाऊ शकतो, व्हॉल्व्हमध्ये फट पडली की पाणी जाऊ शकते, आणि तांब्याच्या दोन टोकांमध्ये फट पडली की वीज जाऊ शकत नाही, कारण तिला वाट तांब्याची लागते, मोकळ्या जागेची लागत नाही. गोदामात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने यावर उचलत्या पुलाचे उदाहरण दिले : पूल ‘ओपन’ झाला की जहाज जाते आणि मोटार थांबते. त्या उदाहरणापेक्षा चांगले उदाहरण मला आजवर सुचलेले नाही, आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला मी तेच सांगते.

याच तासाला लिफ्टवाल्या विद्यार्थ्याने विचारले की बटणावरचा गोल म्हणजे ‘ओपन’चे पहिले अक्षर का? स्विचवरची उभी रेघ आणि गोल ही चिन्हे ऑन आणि ऑफची आहेत आणि त्यांच्याकडे एक आणि शून्य म्हणून पाहिले की ती लक्षात राहतात. हा विद्यार्थी मात्र गोलाला ‘ओपन’चे अक्षर समजून, म्हणजे आपल्या मनातल्या ‘खाय’चे चिन्ह समजून, अर्थ नेमका उलटा लावत होता. तो प्रश्न त्याने त्या दिवशी विचारला नसता, तर माझ्या लक्षात हा धोका कधीच आला नसता.

राहिला नोंदवहीचा प्रश्न. अर्थ कळणे वेगळे आणि पाळी संपताना, थकलेल्या हाताने, दोन मिनिटांत लिहिणे वेगळे. इथे मी मुळांचा आग्रह सोडला आणि पर्यवेक्षकांच्या मूळ सूचनेच्या जवळ आले, पण एका फरकाने. ‘मी काय केले’ हे लिहायचे नाही, ‘यंत्र आत्ता कोणत्या स्थितीत आहे’ हे लिहायचे. ‘पंप टू रनिंग. ब्रेकर क्लोज्ड, लाइव्ह. व्हॉल्व्ह ओपन.’ रनिंग, स्टॉप्ड आणि खोललेल्या यंत्रासाठी डिसमँटल्ड, असे तीन शब्द पंपाला. ब्रेकरला स्थितीच्या पुढे लाइव्ह (वीज आहे) किंवा डेड (वीज नाही) हा शब्द अनिवार्य, म्हणजे एक शब्द चुकला तर दुसरा त्याला पकडेल. ‘ब्रेकर ओपन, लाइव्ह’ असे कोणी लिहिले, तर वाचणाऱ्याला ताबडतोब कळते की काहीतरी चुकले आहे आणि विचारायला हवे. ही पुनरुक्ती मुद्दाम ठेवलेली आहे.

परिणाम

तंत्रज्ञांनी हा नमुना पर्यवेक्षकांना दाखवला. काही आठवड्यांनी त्यांच्या ठिकाणी नोंदवहीत तयार रकाने छापून आले, ज्यांत लिहिण्याऐवजी खूण करायची असते. दिलेली समज मागे घेतली गेली नाही. तंत्रज्ञांना त्याचे वाईट वाटले आणि मलाही वाटले, कारण नोंद सदोष असली तरी त्या संध्याकाळी त्यांनी यंत्रणेबाबत घेतलेला निर्णय अचूक होता आणि तो कुठेच नोंदला गेला नाही.

वर्गातला परिणाम संमिश्र होता. यंत्रणेवर काम करणाऱ्या तिघांच्या लेखनातून पंपासाठीचे ‘ओपन’ गेले. मात्र त्यांच्यातल्या एकाला या शब्दाची इतकी धास्ती बसली की ते ‘व्हॉल्व्ह रनिंग’ लिहू लागले, म्हणजे जिथे ‘ओपन’ हाच बरोबर शब्द होता तिथूनही त्यांनी तो काढला. ती भीती घालवायला आणखी तीन तास द्यावे लागले. प्रत्येक तासाला एक खरा व्हॉल्व्ह आणि एक खरा स्विच टेबलावर ठेवून, हाताने फिरवून, शब्द मोठ्याने म्हणायचा, एवढेच आम्ही केले.

उपाहारगृहातल्या दोघी अजून ‘ओपन द लाइट’ म्हणतात. तिथे मी जाणीवपूर्वक काही केले नाही. सिंगापूरच्या रोजच्या इंग्रजीत हा प्रयोग सर्रास ऐकू येतो आणि ‘ऑन द फॅन’ही तितकाच रुळलेला आहे. 2000 साली इथल्या सरकारने शुद्ध इंग्रजीच्या पुरस्कारासाठी मोहीम सुरू केली, तरीही स्वयंपाकघरांत आणि घरांत लोक आपल्या सवयीनेच बोलतात. दिवा लावताना सगळ्यांना एकच अर्थ कळत असेल, तर त्या वाक्यावर त्या दोघींचा वर्गातला मोलाचा वेळ खर्च करणे मला योग्य वाटले नाही. भाषा शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांना हा निर्णय पटलेला नाही. त्यांच्या मते घरातली सवय कामावर येतेच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्या विद्यार्थ्यांचे काम विजेशी संबंधित आहे त्यांच्या बाबतीत मी आता त्यांचेच ऐकते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, मी शफूंना आधी विचारायला हवे होते. वर्गात उपकेंद्राचा अनुभव असलेले गृहस्थ बसलेले असताना मी कोश उघडून मुळे शोधत बसले. प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी कमी येते, पण काम त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळते, आणि त्यांच्या कामाची स्वभाषेतली परिभाषा हे शिकवण्याचे सगळ्यात भक्कम साधन असते. आता नवी तुकडी आली की पहिल्या तासाला मी प्रत्येकाकडून त्याच्या कामातले वीस चिनी शब्द लिहून घेते आणि मगच इंग्रजीकडे वळते.

दुसरे असे की शब्दाचे मूळ मी सुरुवातीला सांगितले; ते शेवटी सांगायला हवे होते. वापर हाताखालून गेल्यावर सांगितलेले मूळ स्मरणाला मदत करते, आधी सांगितलेले मूळ नियम बनून बसते. ‘टर्न’मागची चावी सांगून काही बिघडले नाही, कारण तिच्यावरून कोणी चुकीचा खटका दाबणार नव्हते. ‘ओपन’मागचे ‘वर’ मात्र सांगायला नको होते, निदान विजेच्या संदर्भात तरी नाही.

पर्यवेक्षकांशी मी एकदाच बोलले, आणि तेही त्यांचा उपाय कसा अपुरा आहे हे सांगण्यासाठी. नोंद वाचणाऱ्याच्या बाजूनेही एक दुवा निसटला होता : पंप खोललेला आहे आणि व्हॉल्व्ह उघडा आहे, असा अर्थ निघत असेल तर तळघरात पाणी असायला हवे होते, आणि शेवटी ‘ओके’ लिहिलेले होते. ही विसंगती दिसताच लिहिणाऱ्याला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. हे मी त्या वेळी बोलले नाही. माझ्या विद्यार्थ्याची बाजू मांडताना वाद होईल आणि त्याचा त्रास त्यालाच होईल, या भीतीने मी गप्प राहिले. आज तो प्रसंग पुन्हा आला तर मी पर्यवेक्षकांना आणि फिटरना वर्गात एका संध्याकाळी बोलावीन, टेबलावर तोच स्विच आणि तोच व्हॉल्व्ह ठेवीन, आणि प्रत्येकाला ‘ओपन’ म्हटल्यावर हात कोणत्या दिशेने जातो ते करून दाखवायला सांगेन.